तीनदा विचारणारा शब्द

सी नावाच्या संगणकभाषेत एकदा "नाही" आलं की विषय संपतो. यंत्र विचारतं, अजून काम आहे का? "नाही" आलं की ते पुढच्या ओळीवर निघून जातं, दुसऱ्यांदा विचारत नाही. ज्यांनी ही भाषा केली त्यांच्या घरी कधी पंगत उठली नसावी, असं भालचंद्र टोकेकरांचं मत होतं. हे मत त्यांनी नोकरीच्या अकरा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

टोकेकर ग्वाल्हेरला एका सरकारी खात्याच्या संगणक केंद्रात प्रोग्रामर होते. खात्याचं नाव सांगत नाही, खातं अजून आहे. काम असं, की लांबलांबच्या बंधाऱ्यांवरून टेलिफोनच्या तारेनं पाण्याची पातळी यायची आणि टोकेकरांचा प्रोग्राम दर मिनिटाला विचारायचा, पाणी वाढतंय का? वाढतंय. वाढतंय. मग तारेत कुठं तरी खरखर व्हायची, एक आकडा बिघडायचा, "नाही" यायचं, आणि प्रोग्राम समाधानानं झोपी जायचा. तिकडे बंधारा वाहून चाललाय. उपाय सोपा होता: सलग तीनदा "नाही" आल्याशिवाय खरं मानायचं नाही. पण त्या मोजणीला दर ठिकाणी सात ओळी लिहाव्या लागत, आणि अशी ठिकाणं चाळीस. टोकेकर कंटाळले होते. पण कंटाळ्यानं माणूस काही करत नसतो, नुसता कंटाळतो. त्यांना उठवून बसवलं ते जिलबीनं.

दोन हजार सालचा मे महिना. खासगी बाजार नावाच्या वस्तीत ओळखीच्यांकडे मुंज होती. पंगत होती, पण वाढपी कंत्राटदाराचे. जिलबीचं ताट समोर आलं आणि टोकेकर म्हणाले, "नको." आता हे "नको" कसलं होतं ते कुठल्याही मराठी घरातल्या बाईला झोपेतही कळलं असतं. पहिलं नको रीतीचं असतं. दुसरं, समोरच्याच्या मनात किती आहे ते बघायला. तिसरं खरं, तेही ताटावर हात आडवा धरून म्हटलं तर. त्या वाढप्यानं पहिलंच नको उचललं आणि तो पुढे गेला. शेजारच्या ताटात चार जिलब्या पडल्या. टोकेकर ताक पिऊन उठले.

जिलबीचं दुःख मोठं नव्हतं हो. पण घरी येताना त्यांच्या ध्यानात आलं, की आई जाऊन दोन वर्षं झाली आणि या दोन वर्षांत आपल्याला कुणी कुठलीच गोष्ट दुसऱ्यांदा विचारलेली नाही. आई चौथ्यांदाही विचारायची आणि उत्तराची वाट न बघता वाढायची. तिच्या जिवावर हा माणूस पंचेचाळीस वर्षं "नको, नको" करत व्यवस्थित जेवला होता. लग्नाचंही तसंच झालं. दर्पण कॉलनीतलं एक चांगलं स्थळ आलं होतं, मुलगी यांना आवडलीही होती. रीतीप्रमाणे यांनी "इतक्यात नको" म्हटलं. ती माणसं फार सरळ होती, त्यांनी दुसरीकडे जमवलं.

तर दुसऱ्या दिवशी टोकेकरांनी ठरवलं, भाषेतच नवा शब्द घालायचा. कंपायलर म्हणजे दुभाषा. आपण लिहिलेलं वाचतो आणि यंत्राला समजेल अशा आकड्यांत सांगतो. सी-च्या कंपायलरला ठरावीक बत्तीस शब्द येतात. त्याला तेहेतिसावा शिकवायचा: आग्रह. म्हणजे अमुक काम करत राहा, आणि तीनदा सलग "नाही" आल्याशिवाय थांबू नकोस. एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवर एक कंपायलर होता, त्याच्या पोटातल्या सगळ्या ओळींसकट. कुणीही उघडावा, कुणीही दुरुस्त करावा. अशी उघडी ठेवलेली वस्तू टोकेकरांनी आयुष्यात प्रथमच बघितली होती.

टोकेकर दाना ओली नावाच्या गल्लीत रघुनाथरावांच्या घरात वरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत. वडिलांच्या काळापासून. रघुनाथराव बहात्तर वर्षांचे, त्यांचे पणजोबा दरबारच्या पागेत होते, आणि हे त्यांनी सांगितलं नाही असा दिवस मावळत नसे. संध्याकाळी ओट्यावर टोकेकरांनी सहज आपला बेत सांगितला. वाटलं होतं, कुणाला कळणार नाही. झालं उलटंच. कंपायलर कुणाला कळला नाही, पण आग्रह सगळ्यांना कळला.

"तीनदा?" रघुनाथराव म्हणाले. "भालचंद्रराव, तीन म्हणजे कारकुनी झाली. आमच्याकडे सरदारांच्या पंक्तीत पाच. पाचाच्या खाली बेइज्जती समजत."

"काही तरीच तुमचं," त्यांच्या पत्नी मंदाताई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "पदार्थावर असतं ते. पुरणपोळीला तीन. श्रीखंडाला माणूस हात जोडेपर्यंत. ताकाला कोण आग्रह करतं? आणि जावयाला वेगळा हिशेब."

"यंत्राला जावई नसतो, मंदाताई."

"मग सोपं आहे की."

टोकेकर वर गेले आणि विचार करत बसले. बाईचं म्हणणं शास्त्रशुद्ध होतं. त्यांनी शब्दापुढे कंस ठेवला. कंसात आकडा लिहाल तितका आग्रह, कंस रिकामा सोडलात तर तीन. भाषाशास्त्रात ही भर एका भाजी निवडणाऱ्या बाईनं घातली याची नोंद कुठंच नाही, म्हणून इथं करून ठेवतो.

पुढचे सहा आठवडे टोकेकर ऑफिस सुटल्यावर तिथंच बसू लागले. पहिल्यांदा त्यांनी नवा शब्द कंपायलरच्या यादीत लिहिला आणि धन्य झाले. कंपायलरनं शब्द ओळखला, पण पुढे काय करायचं ते न कळून जागच्या जागी कोसळला. मग व्याकरणाची फाइल शोधली. तिथं एक अर्धविराम जास्त पडला आणि तीनशे अकरा चुका पडद्यावर आल्या. टोकेकरांनी त्या सगळ्या वाचल्या. त्यातल्या तीनशे दहा एकीच्याच पोटच्या होत्या, पण हे वाचून झाल्यावर कळतं.

कंपायलर नव्यानं बांधायला त्या मशीनवर चार तास लागत. ग्वाल्हेरची बिजली उन्हाळ्यात चार तास सलग राहिल्याचं कुणाच्या स्मरणात नाही. एकदा तीन तास पन्नास मिनिटांनी गेली. टोकेकर बंद कूलरपुढे घामानं निथळत बसून राहिले. चौकीदार म्हणाला, "साहब, घर नहीं है क्या?" टोकेकर म्हणाले, "है." तो कंदील घेऊन पुढे गेला.

मग एकदाचा कंपायलर बांधून झाला, आणि पहिल्याच चाचणीत मोजणीचा आकडा दर फेरीला शून्यावर जात असल्याचं उघडकीला आलं. म्हणजे तिसरं "नाही" कधी येणारच नाही. टोकेकर तेवढ्यात चहाला गेले होते. परत आले तर प्रिंटरनं कागदाचा आख्खा खोका संपवला होता आणि साऱ्या खोलीभर "और लीजिए", "और लीजिए", "और लीजिए" असा कागद पसरला होता. केंद्राचे प्रमुख दौलतसिंह त्या कागदात घोट्यापर्यंत उभे होते.

"टोकेकरजी, ये क्या ले लूँ मैं?"

टोकेकरांनी सगळं समजावून सांगितलं. दौलतसिंह वाईट माणूस नव्हता, पण सरकारी होता. त्यांनी विचारलं, "भाषा में शब्द जोड़ने की अनुमति किसने दी?" टोकेकर म्हणाले, ही संगणकाची भाषा आहे. दौलतसिंह म्हणाले, भाषा ती भाषा, आणि फाइल केली. ती भाषेचा कारभार बघणाऱ्या कक्षाकडे गेली. तिथं तीन आठवडे राहिली आणि शेरा घेऊन परत आली: शब्द शुद्ध हिंदी आहे, प्रयोगास हरकत नाही, मात्र उर्वरित बत्तीस शब्द इंग्रजी का आहेत याचा खुलासा करावा. हा खुलासा टोकेकरांनी दोन पानी दिला. त्याचं उत्तर अजून यायचंय.

अखेर जुलैतल्या एका बुधवारी शब्द चालला. टोकेकरांनी खोटं "नाही" पाठवलं, प्रोग्राम हलला नाही. दुसरं पाठवलं, हलला नाही. तिसऱ्याला नम्रपणे थांबला. टोकेकरांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे कुणाला तरी सांगायला हवं होतं. शेजारच्या टेबलावर शामला बसायची, आकडे भरणारी, तिशीतली. टोकेकरांनी तिला सांगितलं. ती म्हणाली, "छान झालं सर. तो फिर मी आज जरा जल्दी निघू?" मग त्यांनी बूथवरून नागपूरला बहिणीला, पद्माला फोन लावला. कंपायलर म्हणताच ती म्हणाली, "दादा, जेवतोस ना रे वेळेवर?" "हो," टोकेकर म्हणाले. पद्माला ते लगेच पटलं, आणि तिनं मुलांच्या शाळेचं सुरू केलं. परत येताना टोकेकरांना एकटं वाटलं. नुसतं एकटं नाही, मोठं काम करून आल्यावर वाटतं तसलं एकटं, आणि ते जास्त वाईट असतं.

त्याच वर्षी मध्य प्रदेशाचे दोन तुकडे व्हायचे होते. छत्तीसगड वेगळा निघणार, म्हणजे कपाटं, फायली आणि माणसं, सगळ्यांची वाटणी. शिवाय खात्याच्या शहरातल्या तीन कार्यालयांचं एकीकरण करून एक कार्यालय झालं. तिघांचं एक आणि एकाचे दोन, हे सगळं एकाच महिन्यात. दोनशे बारा माणसांतली साठ रायपूरला द्यायची होती. प्रत्येकानं पडद्यासमोर यायचं, "ग्वालियर में ही रहना है?" या प्रश्नाला हो किंवा नाही सांगायचं, शामलानं कळ दाबायची. प्रोग्राम लिहायचं काम टोकेकरांकडे आलं.

टोकेकरांनी त्यात आग्रह घातला. माणसानं गाव सोडायचं म्हणजे काय जिलबी आहे? एकदा नाही म्हटलं की पाठवलं रायपूरला? यंत्रानं विचारावं, "एक बार फिर सोच लीजिए." आणि मग परत विचारावं. कुणाला तरी कुणी तरी विचारायलाच हवं.

पहिल्याच दिवशी गोंधळ उडाला. शामलाचा नवरा भिलाईला होता, तिला जायचंच होतं. तिनं स्वतःचं "नाही" दाबलं, यंत्रानं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा दाबलं, यंत्रानं पुन्हा विचारलं. "सर," ती म्हणाली, "चार साल से अलग राहतोय आम्ही. ह्याला सांगा ना, मला जायचंय." टोकेकरांना आपल्या शब्दाची प्रथमच शरम वाटली. पण स्टोअरमधल्या महिपतरावांचं वेगळंच झालं. रायपूरला बढती मिळणार म्हणून ते खुशीत जायला निघाले होते. यंत्रानं दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते घुटमळले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "इतकं म्हणताय तर राहतो." असे एकोणीस जण राहिले. त्यांतले सतरा मराठी होते.

रायपूरच्या साठांत एकोणीस कमी पडले. दौलतसिंहांनी टोकेकरांना बोलावलं. "टोकेकरजी, सरकार किसी से तीन बार नहीं पूछती. निकालिए इसको." टोकेकरांनी काढला. सहा आठवड्यांचं काम, एक ओळ पुसली आणि जुनी ओळ लिहिली, दोन मिनिटं लागली. वर दौलतसिंहांनी यादी लवकर भरायची म्हणून कळ दाबायला स्वतःच बसायचं ठरवलं.

शेवटी केंद्रातलीच थोडी माणसं उरली. संध्याकाळचे पाच वाजलेले, रांग संपलेली, दौलतसिंहांना जांभया येत होत्या. "और आप, टोकेकरजी? यहीं रहना है?"

आता सांगतो, टोकेकरांना राहायचं होतं. त्यांचं सगळं आयुष्य दाना ओली ते ऑफिस एवढ्या रस्त्यावर झालं होतं. रायपूर त्यांनी नकाशातही नीट पाहिलं नव्हतं. पण चारचौघांदेखत एकदम "हो, मला हवं" असं म्हणायचं म्हणजे वाढप्याच्या हातातून ताट ओढून घेण्यापैकीच. ते संकोचानं हसले आणि म्हणाले, "नहीं नहीं, मेरा क्या. पहले बाल-बच्चे वालों का देखिए."

टक, असा आवाज झाला. दौलतसिंहांनी कळ दाबली होती. टोकेकर दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत उभे राहिले. मग त्यांना आठवलं की तो त्यांनीच गेल्या मंगळवारी काढलाय.

यादी लागली. टोकेकर रायपूर. त्यांना वाटलं, आता तरी गल्ली म्हणेल, छे छे, कुठं जाता भालचंद्रराव. गल्लीनं अभिनंदन केलं. नवं राज्य, नवी राजधानी, नशीब काढलंत. रघुनाथरावांनी शाल आणि नारळ दिला आणि पागेतल्या पणजोबांच्या मोहिमांवर भाषण केलं. मंदाताईंनी प्रवासाला म्हणून दोन किलो चिवडा करायला घेतला. सगळे फार प्रेमानं वागत होते, आणि कुणीच थांबा म्हणत नव्हतं. रघुनाथरावांचा भाचा जयसिंहराव शिवपुरीहून बदलून येणार होता, बायको आणि दोन मुलांसह. त्यानं एक ट्रंक आधीच टोकेकरांच्या खोलीत आणून ठेवली. "राहू दे ना कोपऱ्यात, तुमची काही हरकत नाही ना?" असं त्यानं विचारलं, आणि टोकेकर अर्थातच "नाही नाही" म्हणाले.

नोटीस बोर्डावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, हरकत असल्यास पंधरा दिवसांत अभ्यावेदन द्यावे, समितीपुढे सुनवाई होईल. टोकेकरांनी अभ्यावेदनाचा, म्हणजे लेखी हरकतीचा, फॉर्म आणला. त्यात रकाने होते: पत्नीची नोकरी, मुलांचं शिक्षण, आईवडिलांचं आजारपण, इतर कारण. पहिल्या तिन्हीत त्यांनी आडवी रेघ मारली. चौथ्यात जागा बोटभर होती, म्हणून त्यांनी वेगळे कागद जोडले. तीन पानं लिहिली. ऑफिसला जायच्या रस्त्यावरचा पानवाला आपल्याला तंबाखू चालत नाही हे लक्षात ठेवतो, असं लिहिलं. खोडलं. आईनं ज्या खिडकीत बसून डोळे मिटले ती खिडकी इथं आहे, असं लिहिलं. तेही खोडलं, मग पुन्हा लिहिलं. समिती विचारणार, तुम्हाला इथं का राहायचंय, आणि आपण उत्तर द्यायचं. आरशासमोर उभे राहून त्यांनी "हाँ, रहना है" असं म्हणून पाहिलं. पहिल्या दिवशी आवाजच फुटला नाही. आठवड्यानं फुटला.

सुनवाईला ते साडेनऊपासून बाकावर बसले होते, हातात तीन पानं. दीड वाजता नंबर लागला. समितीत एकच माणूस उरला होता आणि तो डबा उघडत होता.

"टोकेकर? यहीं रहना है?"

"हाँ," टोकेकर म्हणाले.

"ठीक है. अगला."

टोकेकर तिथंच उभे राहिले. "साहब, कारण..." ते म्हणाले आणि पानं पुढे केली.

"ज़रूरत नहीं. रायपुर का कोटा परसों भर गया." त्या माणसानं डब्यातली भाजी हुंगली. "आप जाइए, खाना खाइए."

झालं, एवढंच. टोकेकर रस्त्यावर आले. ऊन लख्ख होतं. जिंकलं की माणसाला आनंद होतो असं ऐकलं होतं, म्हणून ते तो यायची वाट बघत पायी घरापर्यंत आले. तीन पानं खिशात होती. ती कुणाला वाचून दाखवायची, तेवढं त्यांना कळत नव्हतं.

ओट्यावर रघुनाथराव बसले होते. मंदाताई दारात चिवड्याचे डबे बंद करत होत्या.

"मी राहतोय," टोकेकर म्हणाले. "बदली रद्द झाली."

मंदाताई "अगं बाई, बरं झालं की," म्हणाल्या, मग नवऱ्याकडे बघितलं आणि डबे घेऊन आत गेल्या. रघुनाथरावांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली.

"भालचंद्रराव, बसा," ते म्हणाले. "असं आहे, जयसिंग येतोय पंधरा दिवसांत. मी त्याला जुबान दिली. पोरांच्या शाळेत नावं झाली." गुडघ्यावरची टोपी सारखी करत ते म्हणाले, "रायपूर चांगलं आहे म्हणतात. हवा चांगली."

"मला इथंच राहायचंय."

रघुनाथराव वाईट मनाचे नव्हते. त्यांनी खरोखरच न कळून विचारलं, "पण का? इथं तुमचं आहे तरी कोण?"

सहा महिन्यांत प्रथमच कुणी तरी त्यांना कारण विचारलं होतं. टोकेकरांचा हात खिशातल्या कागदांकडे गेला, आणि तिथंच थांबला. त्या तिन्ही पानांत ह्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. खोडलेला पानवाला होता, खिडकी होती, माणसाचं नाव एकही नव्हतं.

"तुम्ही," टोकेकर म्हणाले.

रघुनाथरावांनी मान वर करून पाहिलं. दर महिन्याच्या एक तारखेला ज्याला ते पावती देत आले होते तो माणूस त्यांच्यासमोर ओट्याच्या पायरीवर उभा होता आणि लाजलेला नव्हता. रघुनाथरावांना पणजोबाही सुचले नाहीत. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली, आणि ओट्यावर थोडे सरकून जागा केली.

टोकेकर बसले. आपलं उत्तर पुरतं खरं नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण दुसरं कुणाचं नाव त्यांना आठवलं नव्हतं.